सेवा, सुरक्षा आणि रोस्टर



ज्यांच्या स्मरणार्थ आपण दरवर्षी या व्याख्यानमालेला जमतो, ते कुठल्याही उद्योगाची पारख करताना आधी हजेरीपट मागायचे, मग पगारपत्रक. मालकाशी बोलणं त्यानंतर. आज त्यांच्याच पद्धतीने विमानाच्या केबिनकडे पाहावं असं मी ठरवलं आहे. माझी उमेदीची वर्षं या कामात गेली. पुढे मी नव्या मुलामुलींना सुरक्षेचं प्रशिक्षण दिलं. त्यामुळे या विषयावर त्रयस्थपणे बोलणं मला जमणार नाही.

सुरुवात टोकियोपासून करते. 2 जानेवारी 2024 च्या संध्याकाळी जपान एअरलाइन्सचं साप्पोरोहून आलेलं एअरबस ए350 हानेडा विमानतळावर उतरलं आणि धावपट्टीवर असलेल्या तटरक्षक दलाच्या लहान विमानावर आदळलं. ते लहान विमान भूकंपग्रस्तांसाठी मदत घेऊन निघालं होतं. त्यातले सहापैकी पाच जण दगावले. मोठ्या विमानात 367 प्रवासी आणि 12 कर्मचारी, अशी 379 माणसं होती. त्या 12 जणांत केबिन क्रू नऊ. केबिनमध्ये धूर भरू लागला. उद्घोषणेची यंत्रणा बंद पडली, कॉकपिटशी बोलण्याचा फोनही बंद. आठ दारांपैकी वापरता येण्याजोगी दारं तीन. मागच्या डाव्या दारापाशी आदेश पोहोचण्याचा मार्गच उरला नव्हता, तेव्हा तिथल्या क्रूने बाहेरची परिस्थिती पाहून दार उघडण्याचा निर्णय स्वतः घेतला. बाकीच्यांनी मेगाफोनवरून आणि घसा फोडून माणसांना वाट दाखवली. सगळे 379 जिवंत बाहेर आले. विमान जळून खाक झालं.

जगभरच्या वर्तमानपत्रांनी याला चमत्कार म्हटलं. मला हा शब्द पटत नाही. प्रवासी विमानाला परवाना मिळतो तेव्हाच एक अट असते: निम्मी दारं बंद धरून, अंधुक उजेडात, भरलेलं विमान 90 सेकंदांत रिकामं करून दाखवायचं. 2006 मध्ये हॅम्बुर्गला ए380 ची चाचणी झाली तेव्हा 853 प्रवासी आणि 20 कर्मचारी 78 सेकंदांत बाहेर पडले होते. या हिशेबात क्रू गृहीत धरलेला असतो. आपल्याकडे दर 50 आसनांमागे किमान एक केबिन क्रू असा नियम आहे, तो याचमुळे. 180 आसनांच्या विमानात चार जण दिसतात, ते खाण्याचे डबे वाटायला चार हात कमी पडतील म्हणून नव्हे, दारांमुळे. खुद्द जपान एअरलाइन्सने 1985 च्या अपघातात 520 माणसं गमावली. त्या विमानाचे अवशेष कंपनीने हानेडाजवळच्या आपल्या सुरक्षा केंद्रात जपून ठेवले आहेत आणि कर्मचाऱ्यांना ते मुद्दाम दाखवले जातात. हानेडाच्या त्या मागच्या दारापाशी जो निर्णय झाला, त्याची तयारी अशा ठिकाणी होते.

हे काम प्रवाशाला दिसत नाही. विमान धावपट्टीवर धावू लागतं तेव्हा दाराशेजारच्या जंप सीटवर क्रू ताठ बसलेला असतो. पाय जमिनीला टेकलेले, तळहात मांड्यांखाली. प्रवाशाला वाटतं, बिचारी दमून बसली आहे. तिच्या डोक्यात त्या वेळी ठरलेली उजळणी चालू असते. माझं दार कुठलं, ते आर्म केलंय का, म्हणजे उघडताच घसरगुंडी फुगेल ना. हँडल कुठल्या दिशेने फिरतं. बाहेर आग दिसली तर दार अडवायचं आणि लोकांना कुठे वळवायचं. सातव्या रांगेत चालता न येणारे आजोबा आहेत, अकराव्या रांगेत तान्हं बाळ आहे, आपत्कालीन दाराशी बसलेला धडधाकट तरुण मदतीला येईल. मग आज्ञा: सीटबेल्ट सोडा, सामान ठेवा, बाहेर पडा. उड्डाणानंतरची पहिली तीन मिनिटं आणि उतरण्याआधीची शेवटची आठ मिनिटं सगळ्यात धोक्याची मानतात. तेवढा वेळ ही उजळणी दर वेळी, दर सेक्टरला, म्हणजे दर उड्डाणाला, करायची. दिवसात चार सेक्टर असतील तर चार वेळा उडताना आणि चार वेळा उतरताना. मी शिकवायचे तेव्हा मुलं विचारायची, मॅडम, खरंच दर वेळी? दर वेळी. आळस केलेला कोणाला कळणार नाही, हीच या कामातली सगळ्यात मोठी कसोटी आहे.

एवढं सगळं असताना केबिन क्रूचा दर्जा आपण चेहऱ्यावरून, कमरेवरून आणि हसण्यावरून का ठरवत आलो? त्याचा इतिहास फार जुना नाही.

1930 च्या मे महिन्यात एलेन चर्च नावाच्या परिचारिकेने अमेरिकेत बोइंग एअर ट्रान्सपोर्टच्या विमानात काम सुरू केलं. तिला खरं तर वैमानिक व्हायचं होतं. तिच्यासह पहिल्या आठही जणी परिचारिका होत्या. लोक विमानाला घाबरायचे, त्यांना उलट्या व्हायच्या, म्हणून परिचारिका. सुरुवात आरोग्याच्या कौशल्यापासून झाली, पण अटींमध्ये वय, उंची आणि वजन त्याच वेळी येऊन बसलं. पुढे कौशल्याची अट सैल झाली आणि शरीराच्या अटी आवळत गेल्या. 1950 च्या दशकात काही अमेरिकन कंपन्या 32 व्या वर्षी स्त्रियांना नोकरीतून काढत. लग्न झालं की नोकरी संपली, हा तर सर्रास नियम होता.

1971 मध्ये तिथे एक महत्त्वाचा निकाल लागला. पॅन अमेरिकन, म्हणजे पॅन अ‍ॅम, ही कंपनी या कामावर पुरुषांना घेत नसे. नाकारलेला एक पुरुष न्यायालयात गेला. कंपनीचं म्हणणं असं की प्रवाशांना धीर देणं, त्यांचं मन रमवणं स्त्रियांनाच जास्त जमतं. अपील न्यायालयाने सांगितलं, विमान कंपनीचा मूळ धंदा माणसांना सुखरूप पोचवण्याचा आहे, मन रमवणं त्याला पूरक. दाद पुरुषाने मागितली होती, पण या निकालाने बायकांच्या कामाचाही अर्थ बदलला. आज मी जे सांगते आहे त्याचं कायद्याच्या भाषेतलं मूळ मला तिथे सापडतं.

आता आपल्याकडे येऊ. एअर इंडिया इंटरनॅशनलचं पहिलं उड्डाण 8 जून 1948 ला मुंबईहून लंडनला गेलं. जे.आर.डी. टाटा 1978 पर्यंत या कंपनीच्या प्रमुखपदी होते, आणि सेवेचा दर्जा म्हणजे काय हे त्यांना नेमकं कळत होतं. प्रवास करून आले की ते टिपणं पाठवत. चहा आणि कॉफी दोन्ही एकाच रंगाची दिसतात, अमुक खुर्ची नीट मागे जात नाही, अशी ती बारीकसारीक टिपणं. या तक्रारींचा रोख कशावर होता पाहा: पेयावर, खुर्चीवर, व्यवस्थेवर. चहा पातळ असेल तर तो चहाच सुधारावा लागतो. त्या काळातल्या एअर इंडियाच्या नावलौकिकात या नजरेचा वाटा मोठा होता असं मी मानते.

पण त्याच कंपनीत हवाई सुंदरींसाठीची नियमावली काय होती? 35 व्या वर्षी निवृत्ती. नोकरीच्या पहिल्या चार वर्षांत लग्न केलं तर नोकरी समाप्त. पहिल्या गरोदरपणात नोकरी समाप्त. यातलं जे आधी घडेल ते. 35 नंतर मुदतवाढ हवी असेल तर ती द्यायची की नाही हे व्यवस्थापकीय संचालकांच्या मर्जीवर. त्याच विमानात, तीच ट्रॉली ढकलणारा पुरुष सहकारी 58 व्या वर्षी निवृत्त व्हायचा.

नर्गेश मिर्झा आणि त्यांच्या सहकारी न्यायालयात गेल्या. ऑगस्ट 1981 मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला. गरोदरपणामुळे नोकरीवरून काढण्याचं कलम न्यायालयाने अतिशय कडक शब्दांत रद्द केलं. मुदतवाढीतली मनमानीही रद्द केली. त्यासाठी त्या बायकांचे उपकार मानावे तितके थोडे. मात्र त्याच निकालात न्यायालयाने पहिल्या चार वर्षांतली लग्नबंदी योग्य ठरवली, आणि त्यासाठी मुलीचं आरोग्य, तिची परिपक्वता आणि कुटुंबनियोजन अशी कारणं दिली. स्त्री आणि पुरुष कर्मचाऱ्यांचे संवर्गच वेगळे आहेत, म्हणून तुलना होत नाही, असंही म्हटलं. कायद्याच्या विद्यार्थ्यांना हा निकाल आजही शिकवला जातो. तो वाचताना मला दर वेळी एकच गोष्ट खुपते. संवर्ग वेगळे केले कोणी? कंपनीनेच. आणि कंपनीने आखलेली रेघ न्यायालयाने निसर्गाने आखल्यासारखी मान्य केली.

पुढची 30 वर्षं ती रेघ पुसण्यात गेली. 2003 मध्ये पुन्हा सर्वोच्च न्यायालयात प्रकरण गेलं. स्त्रियांना 50 व्या वर्षी उड्डाणावरून उतरवण्याचा नियम न्यायालयाने ग्राह्य धरला. मग सरकारने हस्तक्षेप केला आणि 58 पर्यंत उडण्याची वाट मोकळी झाली. विमानातल्या क्रूचा प्रमुख, म्हणजे इनफ्लाइट सुपरवायझर, हे पद स्त्रीला मिळावं की नाही, हा वाद 2011 मध्ये मिटला. स्त्रियांच्या बाजूने. 2011! इंदिरा गांधींनी पंतप्रधानपद गमावून, परत मिळवून, त्यांची हत्या होऊनही किती वर्षं लोटली होती, आणि आपण अजून एक स्त्री 14 सहकाऱ्यांची प्रमुख होऊ शकते का याचा निवाडा करत होतो.

वजनाचा प्रश्न तर अजून पुरता सुटलेला नाही. 2014 मध्ये नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने, म्हणजे डीजीसीएने, बीएमआयची चौकट घातली. पुरुषांसाठी 18 ते 25, स्त्रियांसाठी 18 ते 22. तंदुरुस्ती हवीच, त्याबद्दल माझं दुमत नाही. दार उघडता आलं पाहिजे, माणूस ओढून नेता आला पाहिजे, हृदय थांबलेल्याच्या छातीवर दाब देता आला पाहिजे. ते तपासा. पण आगीत अडकलेल्या प्रवाशाला ओढणारी बाई 24 बीएमआयची असली तर नेमकं काय बिघडतं, आणि पुरुष त्याच आकड्याचा असला तर का बिघडत नाही, याचं उत्तर सुरक्षेच्या पुस्तकात मला कधी सापडलं नाही.

आता मघाच्या हजेरीपटाकडे वळू. आमच्या भाषेत रोस्टर. डोंबिवलीची एक मुलगी डोळ्यांसमोर आणा. सकाळचं पहिलं विमान तिचं असेल तर गाडी तिला न्यायला मध्यरात्रीनंतर दोन-अडीचला येते. त्याआधी दीड तास उठून केस बांधायचे, मेकअप करायचा. ब्रीफिंग, सुरक्षा प्रश्न, विमानात शिरल्यावर ऑक्सिजनच्या बाटल्या, अग्निशामक, लाइफ जॅकेटं मोजायची. मग बोर्डिंग. वरच्या कप्प्यात न मावणाऱ्या बॅगा, बदलून हव्या असलेल्या जागा, रडणारी मुलं. विमान उतरलं की जेमतेम अर्ध्या-पाऊण तासाचा टर्नअराउंड, त्यात सीटखालचे कोपरे आणि टॉयलेट तपासायचे, आणि पुन्हा बोर्डिंग.

आणि पगार? मूळ वेतनावर जो उड्डाण भत्ता मिळतो तो बहुतेक ठिकाणी ब्लॉक टाइमवर मोजतात. विमानाच्या चाकांखालचे चॉक्स काढले की घड्याळ सुरू, पुन्हा लावले की बंद. म्हणजे ब्रीफिंग, बोर्डिंग, दोन-दोन तासांचा उशीर, रागावलेल्या प्रवाशांची समजूत, यातला मोठा भाग त्या घड्याळाच्या बाहेर. क्रूला सगळ्यात जास्त शिव्या ज्या वेळात खाव्या लागतात तो वेळ भत्त्यात धरतच नाहीत. अमेरिकेत डेल्टा कंपनीने 2022 मध्ये बोर्डिंगच्या वेळेचे, अर्ध्या दराने का होईना, पैसे द्यायला सुरुवात केली. 2025 च्या ऑगस्टमध्ये एअर कॅनडाच्या सुमारे 10 हजार केबिन क्रूंनी मुख्यतः याच मुद्द्यावर संप केला. सरकारने कामावर परतायचा आदेश काढला, तो त्यांनी मानला नाही, आणि काही दिवसांतच तडजोड झाली. आपल्याकडे मे 2024 मध्ये एअर इंडिया एक्सप्रेसचे कित्येक क्रू एकाच वेळी आजारी पडल्याचं कळवून घरी बसले. उड्डाणं रद्द झाली, सुमारे 25 जणांना बडतर्फ केलं गेलं, आणि मुख्य कामगार आयुक्तांसमोर समझोता होऊन ते परत आले. प्रवाशांचे हाल झाले हे खरं. पण एवढी मुलं नोकरी पणाला लावतात तेव्हा त्याआधी त्यांचं ऐकून घेणारी खिडकी बंद झालेली असते, हे मी माझ्या अनुभवाने सांगते. मी ज्या कंपनीत होते तिथे सलग रात्रींबद्दल लेखी तक्रार केली की पुढच्या महिन्याचं रोस्टर आणखी वाईट यायचं. सिद्ध काहीच करता यायचं नाही.

अमेरिकन समाजशास्त्रज्ञ आर्ली हॉकशील्ड यांनी डेल्टाच्या क्रूचा अभ्यास करून 1983 मध्ये पुस्तक लिहिलं. भावना आवरणं आणि हवी ती भावना चेहऱ्यावर आणणं हेही श्रमच आहेत, असं त्यांनी मांडलं. त्याचं महत्त्व मी मानते. पण तेवढ्यावर थांबलं तर असं वाटू लागतं की या कामातला सगळा कष्ट हसण्याचाच आहे. तसं नाही. केबिनमधली हवा साधारण आठ हजार फुटांवरच्या डोंगरावर असावी इतकी विरळ, आणि वाळवंटासारखी कोरडी. झोपेची वेळ रोज वेगळी. उंचीवर वैश्विक किरणांचा मारा जास्त, म्हणून युरोपात क्रूला मिळणाऱ्या मात्रेचा हिशेब ठेवणं कंपन्यांना बंधनकारक आहे. विमानात सिगारेट ओढली जायची त्या काळातल्या अमेरिकन क्रूंनी तंबाखू कंपन्यांना न्यायालयात खेचलं आणि 1997 मध्ये 30 कोटी डॉलरची तडजोड झाली. शरीर झिजतं, ते असं.

मग चांगली सेवा कशाला म्हणायचं? एक प्रसंग सांगते. लांब पल्ल्याच्या रात्रीच्या विमानात सांगली भागातल्या एक बाई होत्या. लेकीच्या बाळंतपणाला अमेरिकेला निघालेल्या. जेवल्या नाहीत, पाणी घेतलं नाही, चार वेळा विचारलं तरी मानेनेच नको म्हणाल्या. माझ्या हाताखालच्या एका मुलीला शंका आली. ती त्यांच्याजवळ खाली वाकून बसली आणि म्हणाली, ‘मावशी, बाथरूमला जायचंय का? चला, मी दार कसं उघडतं ते दाखवते.’ बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. दाराची ती दुमडणारी घडी त्यांना उघडता आली नव्हती, विचारायची लाज वाटली होती, आणि म्हणून त्यांनी पाणीच बंद केलं होतं. कोणत्याही सर्व्हिस मॅन्युअलमध्ये हे नाही. त्या रात्री क्रू पूर्ण होता, आलटून पालटून विश्रांती मिळालेली होती, म्हणून त्या मुलीला अंधारात केबिनमधून एक फेरी जास्तीची मारता आली. दोन माणसं कमी असती तर ती गॅलीत ट्रे आवरत बसली असती आणि मावशी तशाच उतरल्या असत्या.

उलट बाजूही पाहा. मे 2024 मध्ये लंडनहून सिंगापूरला निघालेल्या सिंगापूर एअरलाइन्सच्या विमानाला भयंकर हादरे बसले, एका प्रवाशाचा मृत्यू झाला, कित्येक जखमी झाले. सेवेसाठी नावाजलेल्या त्या कंपनीने त्यानंतर नियम बदलला: सीटबेल्टचा दिवा लागला की गरम पेयंसुद्धा द्यायची नाहीत. आपल्याकडे त्या दिव्याखाली चहा मागणारे आणि न मिळाल्यास तक्रार नोंदवणारे प्रवासी मी खूप पाहिले. त्या तक्रारीवरून मुलीच्या नावापुढे शेरा पडलेलाही पाहिला. तो शेरा मारणाऱ्या अधिकाऱ्याला मी माफ करू शकत नाही.

नीरजा भनोतचं नाव घेतल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. मुंबईच्या सेंट झेवियर्सची ही माजी विद्यार्थिनी पॅन अ‍ॅमच्या केबिन क्रूत होती. 5 सप्टेंबर 1986 ला कराचीत पॅन अ‍ॅमच्या 73 क्रमांकाच्या विमानात अतिरेकी शिरले तेव्हा तिने कॉकपिटला इशारा दिला, वैमानिक निघून जाऊ शकले आणि विमान जमिनीवरच अडकून राहिलं. अमेरिकन पासपोर्ट तिने आणि तिच्या सहकाऱ्यांनी लपवले. सुमारे 17 तासांनी गोळीबार सुरू झाला तेव्हा ती प्रवाशांना बाहेर काढत होती. तेविसाव्या वाढदिवसाला दोन दिवस होते. तिला मरणोत्तर अशोकचक्र मिळालं. आपण तिच्या शौर्याबद्दल बोलतो, पण ते विमान उडू न देण्याचं डोकं तिने लढवलं, यावर पुरेसं बोलत नाही. आणि 12 जून 2025 ला अहमदाबादेत कोसळलेल्या विमानातल्या दहा केबिन क्रूंपैकी कित्येक जण आपल्या मुंबईच्या आणि आसपासच्या शहरांतले होते. त्यांच्या घरच्यांपैकी कोणी आज इथे असतील तर त्यांना माझा नमस्कार.

2020 मध्ये करोनाची साथ सुरू झाली तेव्हा एअर इंडियाचे क्रू वुहानला जाऊन आपल्या माणसांना घेऊन आले. नंतर टाळेबंदीत ‘वंदे भारत’ मोहिमेची उड्डाणं त्यांनीच केली. 1990 मध्ये कुवेतच्या युद्धाच्या वेळी अम्मानहून एक लाखाहून जास्त भारतीय परत आणले गेले, त्यातही क्रू होते. आणि 2020 च्याच मार्चमध्ये काही गृहनिर्माण संस्थांनी याच मुलामुलींना घरात शिरायला मज्जाव केला, तेव्हा कंपनीला जाहीर निवेदन काढावं लागलं.

या सभागृहात नाशिक, कोल्हापूर, सोलापूरहून आलेले विद्यार्थी आणि त्यांचे पालक दिसताहेत. त्यांच्यासाठी थोडं व्यवहाराचं. गावोगाव ‘एअर होस्टेस ॲकॅडमी’चे फलक लागले आहेत आणि लाखांत फी मागितली जाते. बारावी उत्तीर्ण, वैद्यकीय चाचणीत पात्र आणि भाषा बरी असलेल्या उमेदवाराला विमान कंपनी निवडते आणि डीजीसीएच्या मान्यतेचं प्रशिक्षण स्वतःच देते. ॲकॅडमीचं प्रमाणपत्र ही नोकरीची अट नाही. शेत गहाण टाकून ती फी भरू नका. मुलाखतीत निवड झाली की करारावर सही करण्याआधी विचारा: बाँड किती वर्षांचा आणि मोडल्यास रक्कम किती? प्रशिक्षणाच्या काळात पगार मिळतो का? भत्ता ब्लॉक टाइमवर की ड्यूटीच्या तासांवर? सलग किती रात्री लावतात आणि मध्ये विश्रांती किती? गरोदरपणी उड्डाण थांबल्यावर जमिनीवरचं काम देता का, आणि कोणत्या पगारावर? थकवा आला म्हणून उड्डाण नाकारलं तर त्याची नोंद कुठे होते आणि ती कोण वाचतं? या प्रश्नांची उत्तरं तोंडी घेऊ नका, लेखी मागा, आणि घरी आणून दोघा-तिघांना वाचायला द्या.